न वाचलेला शिक्का

प्रिय अक्का,

तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं आणि मी तुम्हालाच पत्र लिहायला बसले आहे! तुम्ही असता तर म्हणाला असता, "लई शानी हाईस कमल. मेलेल्या मानसाला टपाल टाकतीस व्हय?" म्हणा. पण लिहून झालं की मी हे मोठ्याने वाचणार आहे. इथंच, दुकानात, गिऱ्हाईक नसताना, तुम्ही बसायचात त्या पोत्याकडे तोंड करून. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, तरी मी कागद हातात धरला की त्या पोत्यावरून आवाज येतो, "वाच की गं." म्हणजे तुम्ही ऐकताच आहात. मग आज नीट ऐका.

काल उंबरे गुरुजी आले होते. मला शाळेच्या कपाटातली पुस्तकं पिशवीत घालून आणून द्यायचे, ते. तुम्ही त्यांना चिडवायचात, "मास्तर, आमच्या भावजयीला कलेक्टर करता का काय?" आता ते रिटायर झाले. बायको दोन वर्षांमागं गेली, मुलं पुण्याला. घरात ते आणि रेडिओ.

काल मात्र दाढी घोटलेली, शर्टाला इस्त्री, अंगाला अत्तराचा वास. हातात प्लॅस्टिकची फाइल. दर मंगळवारी ते बीडला जातात. गावाला वाटतं पेन्शनच्या कामाला जातात. ते जातात सायबर कॅफेत. तुमच्या वेळी हे नव्हतं. टीव्हीसारखं यंत्र असतं, त्याच्यासमोर तासाच्या भाड्याने बसायचं. त्यात जगातून कुणाचंही पत्र येतं म्हणे, पोस्टमन लागत नाही. त्या यंत्रात गुरुजींना एक बाई भेटली आहे. लंडनला नर्स आहे. विधवा आहे. तिची पत्रं कागदावर छापून घेऊन त्यांनी फाइलला लावली आहेत.

"कमलबाई, तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "पोरांना नाही सांगितलं. ती हसतील. तुम्ही वाचणारं माणूस, तुम्हाला कळंल."

मग ते इंग्रजी कागदावर बोट ठेवून मला मराठीत सांगू लागले. मधेच थांबले आणि लाजून म्हणाले, "ती मला विश्वनाथ म्हणते. किती वर्षांनी कुणी म्हणालं असंल? बायको तर 'अहो'च म्हणायची."

अक्का, शेंगदाणे मोजता मोजता मी थांबले. पुढचं मला माहीत होतं! त्यांनी पान उलटायच्या आधी माहीत होतं. त्या बाईने त्यांना एक पेटी पाठवली आहे. घड्याळ, गरम कोट, काय काय. आणि ती पेटी मुंबईला कस्टममध्ये अडकली आहे. सोडवायला पैसे भरायचे आहेत. एकदा भरून झाले, आता मोठी रक्कम मागतात. "सोमवारी पहिल्या गाडीने जातो, बँकेतली ठेव मोडतो," गुरुजी म्हणाले.

माझ्या हातातलं माप सुटलं. शेंगदाणे सगळ्या फरशीवर.

"गुरुजी, तिथं कुणी बाई नाही," मी म्हणाले.

"कावून?" ते एकदम ताठ झाले. "तुम्ही इंटरनेट पाहिलंय का कधी?"

"नाही पाहिलं. पण ही पेटी आमच्याही घरी येणार होती."

"म्हंजे?"

मी तोंड उघडलं, आणि तुमची शपथ आडवी आली. "काही नाही," म्हणाले. गुरुजींनी खाली बसून मूठभर शेंगदाणे वेचले, काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती, कमलबाई." गेले. फाइल छातीशी धरून गेले.

आज रविवार आहे. उद्या पहिली गाडी. म्हणून लिहिते आहे.

सगळं पुन्हा सांगते, कारण आपण दोघी त्याबद्दल कधी बोललोच नाही. ज्या घरात दोनच बायका, दोघीही विधवा, एक भावजय आणि एक नणंद, त्या घरात एक गोष्ट मधे पडून राहिली आणि आपण तिला वळसा घालून चालत राहिलो.

तुमचे भाऊ गेले तेव्हा मला अक्षरं लागायची, शब्द लागायचे नाहीत. तुम्ही गल्ल्यावर आणि मी पुड्या बांधायला. रद्दीचे पेपर फाडता फाडता मी वाचायला शिकले. जिरं बांधता बांधता बातमी, गूळ बांधता बांधता राशिभविष्य. तुम्ही म्हणायचात, "मोठ्यानं वाच, एकटीच कावून खातीस?" आता पुड्या राहिल्या नाहीत. शाम्पूपासून मसाल्यापर्यंत सगळं पाकिटात येतं, माळा करून दारात टांगते. कागद कमी झाला दुकानातला. बरं झालं असं कधी कधी वाटतं. त्या कागदातूनच तर तो आला.

आठवतं? मोहरी बांधत होते. "विधुर, निर्व्यसनी, परदेशी नोकरी, मूलबाळ नाही. उतारवयात साथ देणारी समंजस स्त्री हवी. विधवा चालेल."

"चालंल म्हनतोय मेला!" तुम्ही ओरडलात. "बैल घ्यायला आलाय का बाजारात? दात बी मोजंल!" आपण दोघी इतक्या हसलो की समोरचा पानवाला डोकावून गेला.

संध्याकाळी दिवाबत्ती केल्यावर तुम्ही कमरेच्या पिशवीतून तोच कागद काढलात. चार घड्या केलेला. मोहरी दुसऱ्या कागदात गेली होती.

"ते पुन्हा वाच."

"अक्का, शिळा पेपर आहे. सहा महिने झाले."

"मानूस काय शिळा होतो व्हय?"

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं ना? नाही थांबले. मला मजा वाटली. कुणाला तरी पत्र लिहायचं, पाकिटावर जाहिरातीतला पेपरचा बॉक्स नंबर घालायचा, उत्तराची वाट बघायची. माझ्या आयुष्यात मला एकही पत्र आलं नव्हतं, अक्का. तुमच्या नावाने मी माझी हौस भागवली.

पंधरवड्यात उत्तर आलं. कुवेतला सुपरवायझर आहे, नाव माधवराव. मी दुकानाची फळी अर्धी ओढली, आणि वाचलं, "प्रिय गिरिजा."

तुमचा तांदूळ निवडायचा हात तिथंच थांबला. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि तुम्ही माहेरी आलात, त्या दिवसापासून साऱ्या चौसाळ्याची तुम्ही अक्का. ज्यांनी नावाने हाक मारावी ती माणसं एकेक करून गेली. मलाही तुमचं नाव रेशनकार्डावर वाचून कळलं होतं.

"परत वाच."

"सगळं?"

"न्हाई. पयली वळ."

किती वेळा वाचून घेतलीत ती पहिली ओळ! आणि मी वाचत राहिले. एक गोष्ट तुम्हाला कधीच सांगितली नाही. तो फार चांगलं लिहीत नव्हता. एक वाक्य धड नसायचं. मी वाचताना ते सावरायचे. अडलं तिथं गुरुजींच्या पुस्तकातला एखादा गोड शब्द घालायचे. "तुमची आठवण येते" असं त्याने लिहिलं, की मी वाचायचे, "संध्याकाळी दिवे लागले की तुमची आठवण येते." तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. एकदा रस्त्यावरच्या एसटीडी बूथवर त्याचा फोन आला. तुम्ही नुसतं "हं, हं" करून परत आलात आणि म्हणालात, "बरा हाय आवाज. पन पत्रात लई ग्वाड बोलतो." मी मान खाली घातली. पत्रात तो नव्हताच बोलत, अक्का. ती मी होते. त्याचं जाळं होतं, पण त्यातला अर्धा दोरा माझा.

आणि आता ज्यासाठी हे पत्र आहे, ते.

तिसरं की चौथं पत्र. तुम्ही हळद दळायला गेला होता. मी पाकीट उजेडाला धरलं. तिकीट आपल्याच देशाचं. त्यावर पोस्टाचा काळा शिक्का, पुसट. मी दारात नेऊन वाचला. कुवेत नव्हतं. आपल्याच राज्यातल्या एका शहराचं नाव होतं, सकाळी निघालं तर संध्याकाळी पोचता येईल एवढ्या अंतरावरचं. मी आधीची पाकिटं काढली. सगळ्यांवर तोच शिक्का.

तुम्ही आलात, हात पिवळे. "आलं का? वाच की गं!"

मी वाचलं. प्रिय गिरिजापासून खालच्या सहीपर्यंत सगळं वाचलं. शिक्का नाही वाचला.

का नाही? सात वर्षं स्वतःला विचारते आहे. त्याच्या आदल्या दिवशी मी एवढंच म्हणाले होते, "अक्का, जरा चौकशी करूया का?" आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुला जळतंय. मी गेले तर तू एकटी पडशील, म्हनून." ते खरं होतं! तुम्ही गेलात तर या घरात मी कुणाशी बोलणार, या विचाराने मला घास जात नव्हता. मला वाटलं, माझी शंका म्हणजे माझं जळणंच आहे. चांगली बाई असते ती गप्प बसते. म्हणून मी चांगली बाई झाले.

मग पेटी आली. म्हणजे आलीच नाही. जरीची साडी, टेपरेकॉर्डर, सोन्याची साखळी, सगळं पेटीत, आणि पेटी मुंबईच्या कस्टममध्ये. तुम्ही पाटल्या मोडल्यात. त्याने पुन्हा लिहिलं, अजून थोडं कमी पडतं. एका दुपारी तुम्ही बीडहून आलात तेव्हा गळ्यातला दोरा हलका दिसला. आपण लिंगायत गळ्यात बांधतो त्या लिंगाची चांदीची डबी नव्हती. तुमच्या वडिलांनी बांधलेली डबी! लिंग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून गळ्यात घातलं होतंत.

"अक्का, हे काय केलंत?"

"द्येव डबीत असतो का फडक्यात? आपल्या मनात असतो. तू लई बोलू नको."

मग त्याने लिहिलं, बीडच्या स्टँडवर भेटायला येतो. त्या दिवशी तुम्ही डोळे दाखवायला बीडला जाते म्हणून निघालात. पोपटी लुगडं. हातात काही नव्हतं, पण पिशवीत हिरव्या बांगड्या होत्या. मी पाहिल्या, कागदात बांधलेल्या. गावात घालायची लाज, म्हणून स्टँडवर उतरून घालणार होता. मी काही बोलले नाही. पुन्हा!

शेवटच्या गाडीने एकट्या आलात. "गाडी चुकली असंल त्याची," म्हणालात. दुसऱ्या दिवशी परत गेलात. तिसऱ्या दिवशीही. बीडच्या स्टँडवर तीन दिवस एक म्हातारी हिरव्या बांगड्या घालून बसली होती, आणि मी इथं साबण विकत होते. तिसऱ्या दिवशी परत आल्यावर तुम्ही पिशवीतून बांगड्या काढून काउंटरवर ठेवल्यात आणि म्हणालात, "इकून टाक."

नाही विकल्या. बिस्किटाच्या डब्यात आहेत. पत्रांवर ठेवल्यात.

त्याच दिवशी तुम्ही माझा हात धरून गळ्यातल्या त्या फडक्यावर ठेवलात. "कुनाला सांगायचं न्हाई. मी मेल्यावर बी न्हाई. लोकं हसतील कमल. म्हातारीला म्हातारचळ लागला म्हनतील." मी शपथ घेतली. तुमची छाती फडक्याखाली किती जोरात उडत होती!

त्या हिवाळ्यात ताप आला तो उतरलाच नाही. शेवटच्या दुपारी तुम्ही डोळे उघडलेत. मला वाटलं पाणी मागाल. तुम्ही विचारलंत, "कमल, तो हाय का गं? खरंच हाय का?"

मी म्हणाले, "आहे."

ते बरोबर केलं की चूक, अक्का? एवढं एक तरी सांगा.

तुम्हाला समाधीत बसवताना लिंग हातावर ठेवायची वेळ आली. विधी करणाऱ्या स्वामींनी फडकं सोडलं आणि विचारलं, "डबी कुठंय?" सगळ्या भावकीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. झालं! त्या दिवसापासून मी चोर. लग्नात मला दागिन्यांच्या खोलीत पाठवत नाहीत. तोंडावर कुणी बोलत नाही, पण मी आत गेले की कपाटाची किल्ली वाजते. तुम्ही मला शपथ घातलीत तेव्हा हे तुमच्या मनात आलं नव्हतं का? थोडं तरी? रागावून विचारत नाही. पण विचारते.

तुम्हाला जाऊन दहा-बारा दिवस झाले असतील, पोस्टमन पाकीट टाकून गेला. तोच शिक्का. मी फोडलं, आणि सवयीने मोठ्याने वाचलं, "प्रिय गिरिजा, पेटी सुटता सुटता राहिली." दुकानात कुणी नव्हतं. दुपारचं ऊन दारापर्यंत आलेलं. आणि त्या पोत्यावर कुणीतरी बसल्यासारखा आवाज झाला, साखर सरकते तसा. मी मागे वळले नाही. पत्र शेवटपर्यंत वाचलं. मधे थांबले असते तर तुम्ही "कावून गं थांबलीस?" म्हणाला असता, आणि त्याची मला भीती वाटली.

तेव्हापासून तुम्ही इथंच आहात. वर्तमानपत्र उघडते, तुम्ही येता. औषधाच्या बाटलीवरचं वाचते, तुम्ही येता. सात वर्षं मी तुम्हाला सगळं वाचून दाखवते आहे, एका पाकिटाचा कोपरा सोडून.

आणि काल त्या फाइलमध्ये मला तुम्ही दिसलात. कागद वेगळा, भाषा इंग्रजी, बाप्याच्या जागी बाई, पोस्टाच्या जागी यंत्र. पण तीच पहिली ओळ. ज्याला नावाने हाक मारायला कुणी उरलं नाही, त्याचं नाव घ्यायचं. आणि गुरुजींच्या कागदावर तर शिक्काही नसतो, अक्का! तुमच्या वेळी मला वाचायला निदान शिक्का होता. आता लंडन म्हणून कुणी कुठूनही लिहावं. गुरुजींना चार पुस्तकं दाखवून पटणार नाही, ती त्यांनीच मला दिलेली आहेत. त्यांना पटेल ते फक्त तुमचं.

मनातलं खरं सांगू का? सगळं सांगून टाकलं तर माझ्यावरचा चोरीचा डागही जाईल, हे मनात आलं. काल शेंगदाणे गोळा करताना आलं. मग सकाळपासून मी स्वतःचीच उलटतपासणी करत बसले आहे, कुणासाठी सांगतेस, गुरुजींसाठी की स्वतःसाठी? एकदा अशाच विचाराने मी गप्प बसले होते. माझ्या मनात काहीतरी खोट आहे, म्हणून माझी शंकाही खोटी, असं धरून बसले. खोट असेल. शिक्का तरी खरा होता ना?

मघापासून दोनदा विचारलं तुम्हाला, सांगू का म्हणून. पोतं गप्प आहे. आज "वाच की गं" नाही. रागावलात? की वाट बघताय?

तर ऐका. उद्या पहिल्या गाडीच्या आधी मी गुरुजींच्या दारात असेन. बिस्किटाचा डबा घेऊन. त्यांना शहाणपण शिकवणार नाही. फक्त म्हणेन, गुरुजी, वाचायला तुम्ही मदत केलीत, आता माझं वाचन ऐका. पहिल्या पत्रापासून वाचीन. त्याने लिहिलं तेवढंच, माझे गोड शब्द वगळून. आमची एक नातेवाईक होती, असं म्हणणार नाही. तुमचं नाव घेईन, गिरिजा. सात वर्षांत खऱ्या माणसासमोर ते कुणी घेतलेलं नाही. ते हसले तर तुमच्या बांगड्या त्यांच्यासमोर ठेवीन. मग हसणार नाहीत. तरीही गाडीत बसले, तर मी शेजारी बसेन, बँकेच्या दारापर्यंत वाचत जाईन.

भावकीला मात्र सांगणार नाही. तेवढी शपथ पाळते. चोर तर चोर.

आणि यापुढे कुणीही म्हातारं माणूस लाजत लाजत असा कागद घेऊन या दुकानात आलं, तर मी गप्प बसणार नाही. त्याने कितीही म्हटलं तुला जळतंय, तरी नाही. हा माझा तुम्हाला शब्द.

पत्र संपलं. फळी अर्धी ओढली आहे. आता वाचते, अक्का. आधी तुमची जुनी पत्रं, मग हे. आणि या वेळी पाकिटापासून सुरुवात करते.

तुमचीच भावजय,
कमल